दुरुस्तीच्या टेबलावर जन्मलेलं संगीत

रेकॉर्ड अमेरिकेहून हाती आली की पहिलं काम म्हणजे तिच्यावरचं लेबल खरवडून टाकायचं. 1950 च्या दशकात जमैकाच्या किंग्स्टन शहरात साउंड सिस्टिम, म्हणजे मोठे स्पीकर लावून रेकॉर्डींवर लोकांना नाचवणारी व्यवस्था, चालवणारे हे सर्रास करत. गाणं कुणाचं, कुठल्या कंपनीचं हे समोरच्याला कळलं की तोही ती रेकॉर्ड मागवणार, मग आपल्याकडे गर्दी कशाला येईल? क्लेमेंट डॉड, ज्याला सगळे कॉक्सन म्हणत, तो अमेरिकेत ऊसतोडीला गेला होता आणि येताना रेकॉर्डी घेऊन आला. विलिस जॅक्सन या अमेरिकन सॅक्सोफोनवादकाची एक धून त्याने लेबल खरवडून 'कॉक्सन हॉप' या नावाने वाजवायला सुरुवात केली. ती धून म्हणजेच कॉक्सन, असं समीकरण झालं. त्याचा प्रतिस्पर्धी ड्यूक रीड त्या रेकॉर्डच्या मागावर होताच. शेवटी एका रात्री रीडच्या लाउडस्पीकरमधून तीच धून वाजली, तेव्हा कॉक्सनला भोवळ यायची तेवढी बाकी राहिली, अशी आठवण जमैकाचा गायक प्रिन्स बस्टर सांगत असे.

जमैकाच्या संगीताची गोष्ट मला इथून सुरू करावीशी वाटते. एरवी ती गायकांपासून सुरू होते. आधी स्का, मग रॉकस्टेडी, मग रेगे, मग बॉब मार्ली, आणि मार्ली गेल्यावर डान्सहॉल, म्हणजे माइकवर ठेक्यात बोलत म्हटलेलं नाचाचं संगीत, ही घसरण, अशी ती सांगितली जाते. आपल्याकडे मार्ली पोहोचला तो होस्टेलच्या खोलीतल्या पोस्टरवरून आणि गोव्याच्या किनाऱ्यावर टांगलेल्या टी-शर्टांवरून. मीही त्याला आधी कॉलेजात कॅसेटवरच ऐकलं आणि आजही त्याचं गाणं लागलं की हातातलं काम थांबतं. पण पुढे जसजसं मागचं-पुढचं ऐकत गेलो तसतसं एक गोष्ट पक्की होत गेली. या संगीताचा कणा गायकांनी घडवलेला नाही. तो घडवला रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांनी, ट्रान्सफॉर्मर गुंडाळणाऱ्यांनी, लाकडी खोक्यात स्पीकर ठोकणाऱ्यांनी. आणि डान्सहॉल ही रेगेची घसरण नसून ते त्याचं माहेर आहे.

हेडली जोन्स या माणसाचं नाव रेगेच्या चाहत्यांनाही क्वचित माहीत असतं. दुसऱ्या महायुद्धात तो ब्रिटिश हवाई दलात रडारचं काम शिकला. युद्ध संपल्यावर किंग्स्टनला परतला, रेडिओ दुरुस्तीचं आणि रेकॉर्डींचं दुकान टाकलं, आणि स्वतःच्या हाताने एक अ‍ॅम्प्लिफायर बांधला. तो नुसता मोठ्याने वाजणारा नव्हता. खर्ज, मधले आणि वरचे सूर वेगवेगळे, स्वच्छ ऐकू यावेत अशी त्याची रचना होती. हार्डवेअरचं दुकान चालवणाऱ्या टॉम वाँगने तो ऐकला आणि स्वतःसाठी तसाच बनवून घेतला. 'टॉम द ग्रेट सबॅस्टियन' हे टॉम वाँगच्या साउंड सिस्टिमचं नाव, आणि पहिल्या मोठ्या साउंड सिस्टिममध्ये ते गणलं जातं. एका बाजूला रडार शिकलेला कृष्णवर्णीय कारागीर, दुसऱ्या बाजूला चिनी वंशाचा दुकानदार: आज ज्याला आपण जमैकन संगीत म्हणतो त्याची पहिली वीट या दोघांनी ठेवली.

त्या काळात जिवंत वाद्यवृंद बोलावणं गरिबांच्या आवाक्यात नव्हतं. श्रीमंतांच्या हॉटेलात बँड वाजायचे. रेडिओवर इंग्रजी सभ्यपणा होता. वस्तीतल्या माणसाला शनिवारी रात्री नाचायचं असेल तर कुणाच्या तरी मोकळ्या अंगणात, 'लॉन'मध्ये, स्पीकरची खोकी रचली जायची, तिकीट लावलं जायचं, बिअर आणि बकऱ्याच्या मटणाची करी विकली जायची. पैसा मुख्यतः त्या बिअरमध्ये होता. ड्यूक रीडचं तर दारूचंच दुकान होतं. पूर्वीचा पोलीस, कमरेला पिस्तूल, आणि आपल्या दारूच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर पुढे त्याने जो स्टुडिओ थाटला तिथे रॉकस्टेडीची सगळ्यात हळुवार प्रेमगीतं रेकॉर्ड झाली.

म्हणजे नाचाची जागा आधी होती, गाणं नंतर आलं. 1950 च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतलं संगीत रॉक अँड रोलकडे झुकलं, किंग्स्टनच्या नाचणाऱ्यांना हवा तो जुना झोका असलेल्या नव्या रेकॉर्डी येईनाशा झाल्या, आणि साउंड सिस्टिमवाल्यांनी ठरवलं की आता आपणच रेकॉर्ड करू. वादक मिळाले ते बहुतांशी अल्फा बॉइज स्कूलमधून. कॅथलिक जोगिणींनी चालवलेली ही अनाथ आणि वाट चुकलेल्या मुलांची शाळा. तिथल्या सिस्टर मेरी इग्नेशियस यांच्याकडे स्वतःचा रेकॉर्डींचा मोठा संग्रह होता आणि त्या मुलांना तो ऐकवत. ट्रॉम्बोनवादक डॉन ड्रमंड आणि सॅक्सोफोनवादक टॉमी मॅकूक दोघेही तिथलेच. 6 ऑगस्ट 1962 रोजी जमैका स्वतंत्र झाला तेव्हा देशाच्या कानात जे वाजत होतं ते याच मुलांनी वाजवलेलं स्का होतं.

स्का धावतं. 1966 च्या सुमारास ते मंदावलं आणि रॉकस्टेडी झालं. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात इतकं उकडत होतं की लोकांना जलद नाचवेना, ही कथा सगळे सांगतात, आणि ऐकायला छानही वाटते. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे की फुंकवाद्यांचा ताफा लहान झाला आणि मोकळ्या झालेल्या जागेत बेस गिटार पसरली. 1968 पर्यंत त्याचंच रेगे झालं. रेगेच्या ज्या ठेक्याला 'वन ड्रॉप' म्हणतात तो एकदा लक्ष देऊन ऐका. चार मात्रांच्या आवर्तनात पहिल्या मात्रेवर ड्रम गप्प असतो. जिथे आपला पाय आपसूक पडायला बघतो तिथे काहीच नाही. सगळा भार तिसऱ्या मात्रेवर पडतो. गिटार मात्रांच्या अधल्यामधल्या जागी तुटक वाजते आणि बेस त्या सगळ्याच्या खालून स्वतःची धून गात जातो. मार्लीच्या वेलर्स या बँडमधल्या कार्लटन बॅरेटचा ड्रम आणि त्याचा भाऊ अ‍ॅस्टन 'फॅमिली मॅन' बॅरेटचा बेस यात हे जितकं उघड दिसतं तितकं क्वचितच कुठे. पण हा बेस नीट वाजण्यासाठी मुळात त्याला पेलणारा स्पीकर असावा लागतो, आणि तो किंग्स्टनच्या अंगणात आधीच बांधून तयार होता.

आता खऱ्या चमत्काराकडे येतो. 1967-68 च्या सुमारास स्पॅनिश टाउनचा साउंड सिस्टिमवाला रूडी रेडवूड ड्यूक रीडच्या स्टुडिओत एका लोकप्रिय गाण्याची खास प्रत कापून घ्यायला गेला. प्रत कापताना गाण्याचा आवाज चढवायचा राहून गेला, नुसतं संगीत उतरलं. रेडवूडने ती तशीच घरी नेली. त्या रात्री आधी मूळ गाणं वाजवलं आणि लगेच ही बिनआवाजाची प्रत. गर्दी आपणच गाऊ लागली. त्यानंतर रेकॉर्डच्या मागच्या बाजूला गाण्याची 'व्हर्जन' देण्याचा पायंडा पडला. आणि त्यातून रिडिम ही कल्पना मोकळी झाली, म्हणजे बेस आणि ड्रमचं असं सांगाडारूप, ज्याला स्वतःचं नाव असतं आणि ज्याच्यावर कुणीही आपले शब्द घालू शकतं.

आपल्या भजनी मंडळात 'हा अभंग त्या चालीवर घ्या' असं कुणी सहज म्हणतं आणि कुणालाही ते वावगं वाटत नाही. चाल सगळ्यांची असते. जमैकाने हीच रीत बाजारात, स्टुडिओत आणि विजेवर चालवून दाखवली. कॉक्सनच्या स्टुडिओ वनमध्ये 1967 ला साउंड डायमेन्शन या वादकांनी 'रिअल रॉक' नावाचा एक तुकडा वाजवला. त्याच्यावर आजवर शेकडो गाणी झाली. दहा वर्षांनी विली विल्यम्सने त्याच्यावर अन्यायाच्या अंतकाळाचं गाणं बांधलं, ते लंडनच्या पंक मुलांनी उचललं, आणि मूळ बेस तसाच राहिला.

या बिनआवाजाच्या जागेत माइक घेऊन उतरला यू-रॉय. एक गोष्ट इथे सांगायला हवी: जमैकात रेकॉर्ड लावणाऱ्याला सिलेक्टर म्हणतात आणि डीजे म्हणजे माइकवर बोलणारा. अंगणात डीजे आधीपासूनच आरोळ्या देत, गर्दीला चेतवत. यू-रॉयने त्याचं गाणं केलं. 1970 मध्ये ड्यूक रीडसाठी केलेल्या त्याच्या तीन रेकॉर्डी एकाच वेळी जमैकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या तीन जागांवर होत्या. मागे जुनं प्रेमगीत वाजतंय आणि हा त्याच्या ओळींशी गप्पा मारतोय, मध्येच किंचाळतोय, गायकाला उत्तर देतोय. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पुन्हा पुन्हा मागे नेऊन ऐकत बसलो. किंग्स्टनमध्ये असंच काही ऐकत लहानाचा मोठा झालेला क्लाइव्ह कॅम्पबेल 1967 ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये राहायला गेला. 11 ऑगस्ट 1973 रोजी त्याने, कूल हर्कने, आपल्या इमारतीच्या सामायिक खोलीत मोठे स्पीकर लावून पार्टी केली. हिपहॉप आपला वाढदिवस त्या तारखेला मानतो.

यू-रॉय ज्या साउंड सिस्टिमवर बोलायचा ती किंग टबीची. ऑस्बोर्न रुडॉक हे त्याचं खरं नाव, धंदा विजेची उपकरणं दुरुस्त करण्याचा आणि ट्रान्सफॉर्मर गुंडाळण्याचा. किंग्स्टनच्या वॉटरहाउस भागात ड्रोमिली अ‍ॅव्हेन्यूवरच्या आपल्या घरातच त्याने मिक्सिंगची खोली केली होती. दुसऱ्या एका मोठ्या स्टुडिओने काढून टाकलेलं चार ट्रॅकचं मिक्सर त्याने विकत घेतलं. त्यावर एक मोठं बटण होतं, खालचे सूर छाटून टाकणारं. ते तो चालू गाण्यात हाताने फिरवायचा, की झांजांचा आवाज पातळ होत होत तारेसारखा व्हायचा आणि मग अचानक बेस परत कोसळायचा. गायकाचं एखादं वाक्य अर्ध्यात तोडून प्रतिध्वनीत सोडून द्यायचा. ड्रम काढून घ्यायचा आणि नुसत्या बेसवर गर्दीला लोंबकळत ठेवायचा. याला डब म्हणतात. टबी गायला नाही, कुठलं वाद्य वाजवून नावारूपाला आला नाही, आणि तरी जगभरातलं आजचं इलेक्ट्रॉनिक संगीत त्याच्या बोटांचं देणं लागतं. 6 फेब्रुवारी 1989 ला रात्री स्टुडिओतून घरी परतताना त्याला दारातच गोळी घालून मारलं.

मार्लीबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्याच्याबद्दल सगळ्यांनीच लिहिलं आहे. त्याने हे संगीत जगापुढे नेलं, आणि 1978 च्या शांतता मैफलीत पंतप्रधान मायकेल मॅन्ली आणि विरोधी पक्षनेता एडवर्ड सिआगा या दोन कट्टर विरोधकांचे हात व्यासपीठावर एकत्र धरले. (हा सिआगा राजकारणात जम बसवण्याआधी रेकॉर्ड कंपनी चालवायचा. त्या बेटावर संगीतापासून लांब असं कुणी नसतंच.) पण 1980 ची निवडणूक आली तेव्हा सुमारे 800 माणसं मारली गेली. पुढच्या वर्षी 11 मे रोजी मार्ली गेला. परदेशातल्या कंपन्यांना 'दुसरा मार्ली' हवा होता. किंग्स्टनच्या वस्त्यांना मात्र, इतके मुडदे पाहिल्यावर, एक रात्र नाचायला हवं होतं.

त्यांना यलोमन मिळाला. विन्स्टन फॉस्टर, जन्मतः वर्णहीन, त्या समाजात ज्या मुलांना हिडीसफिडीस केलं जायचं त्यांपैकी एक. अनाथाश्रमांत वाढलेला, अल्फाही त्यात आलंच. तो माइकवर उभा राहून स्वतःच्या पिवळ्या कातडीचे आणि बायकांना आपण किती आवडतो याचे पोवाडे गायचा आणि अंगण डोक्यावर घ्यायचा. ज्या कातडीवरून हिणवलं तीच त्याने नाव म्हणून मिरवली. भद्र लोकांनी नाकं मुरडली. मला त्या आवाजात नुसता चावटपणा कधीच ऐकू आला नाही.

आणि मग 1985. टबीचा शागीर्द लॉइड जेम्स, म्हणजे जॅमी, याच्याकडे वेन स्मिथ आणि नोएल डेव्ही ही दोन पोरं कॅसिओचा छोटा की-बोर्ड घेऊन आली. एमटी-40, घरात मुलांनी खेळावा असा. त्यात बटण दाबलं की आपोआप वाजणारे काही ठेके होते आणि त्यातला 'रॉक' नावाचा एक पोरांना सापडला होता. जॅमीने तो सावकाश केला, वर थोडं काही चढवलं, आणि स्मिथने त्यावर गांजाचं गाणं म्हटलं. 23 फेब्रुवारी 1985 ला ब्लॅक स्कॉर्पिओ या साउंड सिस्टिमशी झालेल्या सामन्यात जॅमीने ते गाणं, 'स्लेंग टेंग', वाजवलं आणि त्या रात्री जमैकाचं संगीत बदललं. ड्रमर नाही, बेसवादक नाही, स्टुडिओचं भाडं नाही. पुढच्या काही महिन्यांत ज्याला त्याला संगणकी रिडिम हवं होतं आणि कित्येक उत्तम वादकांचं काम सुटलं, हेही तितकंच खरं.

या गोष्टीचा जो भाग मला सगळ्यात प्रिय आहे तो जपानमध्ये घडला. तो ठेका बनवला होता हिरोको ओकुडा या तरुणीने. कुनिताची संगीत महाविद्यालयात तिने पदवीचा प्रबंध रेगेवर लिहिला होता. 1980 ला ती कॅसिओत लागली आणि लवकरच तिच्याकडे एमटी-40 च्या ठेक्यांचं काम आलं. म्हणजे जमैकाच्या बेसवर जीव लावणाऱ्या एका मुलीने टोकियोत एक ठेका रचला, तो खेळण्यात भरून विकला गेला, आणि चार वर्षांनी किंग्स्टनच्या पोरांनी कुणाचा काय संबंध हे ठाऊक नसताना नेमका तोच उचलून घरी आणला. कॅसिओने त्यासाठी कुणाकडे पैसे मागितले नाहीत.

डान्सहॉलची बाजू घेताना एक गोष्ट टाळून चालणार नाही. त्यात समलिंगी माणसांविरुद्ध उघड हिंसेची गाणी झाली, बुजू बँटनच्या 1992 च्या त्या गाजलेल्या गाण्यासकट, आणि ती नाचून साजरी झाली. बंदुकांचं कौतुक झालं. 'ते लोक तसेच बोलतात' असं म्हणून मला ते पचवता येत नाही. ते ऐकून तिथल्या किती मुलांनी रात्री जीव मुठीत धरून काढल्या असतील. पण त्याच अंगणात बायकांनी आपल्या शरीरावर आपला हक्क सांगितला, त्याच माइकवर भुकेची आणि पोलिसांच्या गोळ्यांची बातमी वर्तमानपत्राआधी पोहोचली. नोव्हेंबर 2018 मध्ये युनेस्कोने रेगेला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. मला आनंद झाला. रेगेला आता मान आहे. पण तो मान देणाऱ्यांना अंगणातला गोंगाट नको असतो आणि त्यातून निघालेलं गाणं मात्र हवं असतं, याचं वाईट वाटतं.

आपला या सगळ्याशी धागा आहे, आणि तो मार्लीच्या टी-शर्टपेक्षा जुना आहे. मे 1845 मध्ये गिरमिटियांचं पहिलं जहाज जमैकाच्या ओल्ड हार्बर बे इथे लागलं. 1917 पर्यंत 36 हजारांच्या आसपास हिंदुस्थानी मजूर तिथे उसाच्या मळ्यांत गेले, बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारचे. त्यांच्याबरोबर गांजा गेला, त्याचं नाव गेलं, चिलीमही गेली. 2002 मध्ये स्टीव्हन 'लेंकी' मार्सडेनने टाळ्यांवर चालणारं एक रिडिम केलं आणि त्याचं नाव ठेवलं 'दिवाली'. त्याच टाळ्यांवरचं शॉन पॉलचं गाणं 2003 मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचलं. त्याच सुमारास आणखी एका रिडिमचं नाव होतं 'कूली डान्स'. ज्या शब्दाने त्या मजुरांना पिढ्यान्‌पिढ्या हिणवलं तो शब्द नाचाच्या नावात बसलेला पाहून मी आजही अडखळतो.

हेडफोनवर इतकी वर्षं ऐकलेलं हे संगीत मी खऱ्या स्पीकरांसमोर ऐकलं ते गोव्यात. 2016 पासून तिथे गोवा सनस्प्लॅश हा रेगेचा महोत्सव भरू लागला, दिल्लीच्या रेगे राजाज या मंडळींनी सुरू केलेला. माणसाच्या उंचीची खोकी, आणि त्यांच्यासमोर उभं राहिल्यावर बेस कानाआधी छातीत शिरतो. शर्टाचं कापड थरथरतं. पण कान दुखत नाहीत, शेजारच्याशी बोलताही येतं. आपल्या मिरवणुकीतल्या डॉल्बीने ज्यांचा जीव नकोसा केला आहे त्यांना हे पटणार नाही, पण मोठा आवाज आणि कर्कश आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतला फरक हेडली जोन्सने अ‍ॅम्प्लिफायर बांधताना ओळखला होता.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि तो मला छळतो. 1982 मध्ये सिस्टर नॅन्सीच्या आल्बमला एक गाणं कमी पडत होतं. तिने स्टुडिओत उभ्या उभ्या, 'स्टॅलग' या जुन्या रिडिमवर, 'बाम बाम' म्हटलं. एका बाईने माइकवर उभं राहण्याचं ते गाणं. ते जगभर गेलं, सिनेमांत वाजलं, मोठमोठ्या रॅपरांनी त्याचे तुकडे वापरले. नॅन्सी पुढे अमेरिकेत न्यू जर्सीला बँकेत नोकरी करत होती. 2014 मध्ये एका बुटांच्या जाहिरातीत तिने स्वतःचा आवाज ऐकला, तेव्हा ती वकिलाकडे गेली. तोवर बत्तीस वर्षं त्या गाण्याने तिला हक्काचा पैसा दिला नव्हता. 'रिअल रॉक' वाजवणाऱ्या वादकांनाही मिळाली ती बैठकीची मजुरी.

कॅलिफोर्नियाच्या न्यायालयातला एक खटला घ्या. स्टीली आणि क्लीव्ही या जमैकन वादक जोडीने 1989 मध्ये 'फिश मार्केट' नावाचं रिडिम केलं, त्यातल्या ठेक्यावर सगळं रेगेटोन, म्हणजे स्पॅनिश भाषेतलं आजचं नाचाचं संगीत, उभं राहिलं असा दावा 2021 मध्ये दाखल झाला. प्रतिवादी शंभराहून जास्त, त्यात स्पॅनिश संगीतातली आजची बहुतेक मोठी नावं. स्टीली आता हयात नाही. क्लीव्हीला आणि स्टीलीच्या घरच्यांना पैसे मिळावेत, भरपूर मिळावेत, असं मला मनापासून वाटतं. पण ठेका ही एखाद्याची मालमत्ता आहे असा निकाल लागला, तर उद्या वॉटरहाउसमधल्या कुठल्या पोराला जुन्या रिडिमवर आपले चार शब्द घालण्याआधी वकील गाठावा लागेल, आणि त्या पोराकडे वकिलाचे पैसे नसतील. वादकाला त्याचा वाटा मिळेल आणि चालही सगळ्यांची राहील, असा कायदा मला अजून कुठे दिसलेला नाही. तो लिहिला गेलाच, तर लिहिणाऱ्यांमध्ये क्लीव्ही असावा, सिस्टर नॅन्सी असावी, आणि एखादा स्पीकर बांधणारा कारागीर नक्की असावा.